परत घेतलेली साक्ष

देवावर माझा फारसा राग नाही. त्याच्या माणसांवर मात्र आहे. अकोल्यातल्या एका जुन्या मिशन दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे मी नोकरीचं सगळं आयुष्य काढलं. त्या खिडकीतून देवाची शपथ घालून रांग मोडणारे पाहिले, देवाच्या नावावर उधार मागणारे पाहिले आणि माझ्यासारख्या धामणगावकडच्या कुणब्याला ‘तुमचंही भलं करील तो’ असं उगाच सांगून जाणारेही पाहिले. त्या सगळ्यांत इंगळे सिस्टर एकट्याच अशा, की त्यांनी मला देवाबद्दल कधी काही सांगितलं नाही. मीच विचारायचो. तेही बहुतेक वेळा चिडवायला.

प्रमिला इंगळे हे त्यांचं पूर्ण नाव. बायकांच्या वॉर्डाच्या त्या मुख्य सिस्टर. बुटक्या, रुंद बांध्याच्या, पायात कायम पुरुषी सँडल. बायकांच्या चपलेत पाय ड्यूटीभर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. “कशा आहात सिस्टर?” असं विचारलं की लोक ‘बरी आहे’ म्हणतात तसं त्या “थकली” म्हणायच्या. “थकली, भाऊ. तुमी?” आणि उत्तर ऐकायला न थांबता पुढच्या कामाला लागायच्या. थकवा ही त्यांची तक्रार नव्हती, पत्ता होता.

इंजेक्शन देण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटत. एकदा बाळापूरकडच्या एका म्हाताऱ्याने त्यावरून वॉर्ड डोक्यावर घेतला. त्याची बायको खाटेवर, हा दारात उभा. “हे सिस्टर झोपीतच सुई टोचते!”

“झोपली नवती जी, विचारून राहिली होती.”

“कोनाले?”

“डॉक्टरच्याई वर जो हाय, त्याले.”

म्हातारा जरा नरमला. “मंग काय म्हने तो?”

“म्हने, टोच.”

म्हातारा पुढे आठ दिवस त्यांच्याच हातून सुई घ्यायला लावत होता बायकोला. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी खिडकीतून विचारलं, “सिस्टर, खरंच आयकते का हो तुमचा देव?”

“आयकते ना. पन त्याची ओपीडी लंबी हाय. नंबर लागाले वेळ लागते.”

“अन नंबर लागाच्या आधी पेशंट गेला त?”

त्यांनी औषधांचा ट्रे उचलला. थोडा विचार केला. “त मंग मलेई त्याले विचारा लागीन,” असं म्हणून त्या वॉर्डाकडे चालू लागल्या. मला त्या उत्तराचा राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं होतं.

दवाखान्याच्या मागे क्वार्टर होतं. तिथे त्या आणि त्यांची धाकटी बहीण नलिनी अशा दोघी राहत. दोघींनी लग्नं केली नव्हती. नलू बालवाडीत शिकवायची, हडकुळी, तोंडाची मोठी फटकळ. दुपारी चारला मी त्यांच्याकडे चहाला जायचो आणि चहापेक्षा दोघींची जुगलबंदी ऐकायला जायचो. नलू चर्चमध्ये वर्षातून दोनदा जायची, नाताळला आणि कापणीच्या सणाला. “बाकीच्या रविवारी ताई जाते ना. रेशनच्या दुकानात काय सारं खानदान जाते का?” असा तिचा हिशेब. सिस्टर आमच्याशी वऱ्हाडी बोलत, पण प्रार्थना करायला लागल्या की एकदम पुस्तकी होत. ‘हे कृपाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो’ वगैरे. नलू कपाळाला हात लावायची. “देव का पुन्याचा हाय वं? त्याले वऱ्हाडी समजत नाई का?” सिस्टर एक डोळा उघडून तिच्याकडे पाहायच्या आणि पुन्हा लीन व्हायच्या.

नलूला छातीत गाठ निघाली. तिने ती तीन महिने बहिणीपासून लपवली. हजारो बायकांना तपासणाऱ्या बाईच्या घरात हे झालं, ते सिस्टरना फार लागलं. अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं आणि मग सलाईनमधून औषध द्यायच्या सहा खेपा ठरल्या. दर एकवीस दिवसांनी दोघी बहिणी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरत, तिथून ऑटोने दवाखाना, संध्याकाळी परत. माझी मुलगी अमरावतीला दिलेली. त्या निमित्ताने मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत नलूच्या ओकाऱ्या चालायच्या. सिस्टर एका हाताने पिशवी धरायच्या, दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळायच्या आणि समोरच्या बाकावरच्या लोकांना “काई नाई, काई नाई, गाडी लागते तिले” असं सांगायच्या. केस गेल्यावर नलू डोक्याला रुमाल बांधून बसली होती. म्हणाली, “ताई, देव आपल्या डोक्याचे केस मोजून ठेवते म्हनतं ना तू? माह्यापुरतं त्याचं काम हलकं झालं पाय.” सिस्टर हसल्या. हसता हसता खिडकीकडे तोंड करून बसल्या, ते अकोला येईपर्यंत.

सहा खेपा झाल्या. डॉक्टर म्हणाले, “सध्या कुठे काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा.” सिस्टरनी हे वाक्य मला खिडकीशी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ‘थकली’ म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर महिनाभरात कापणीचा सण आला. हा सण मला आवडायचा. चर्चमधलीही शेवटी बांधावरची माणसं, मग धर्म कोणताही असो. चर्चमध्ये समोर ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं, तुरीच्या ओल्या शेंगा, संत्र्यांचे ढीग, भोपळे असं मांडतात. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी एका भोपळ्यावर कोणीच बोली लावेना म्हणून मीच हात वर केला आणि तो भोपळा घेऊन घरी गेलो, तेव्हा बायकोने तो आत घ्यायच्या आधी मला नीट न्याहाळलं होतं.

पण लिलावाआधी साक्ष असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. या साक्षीची एक न लिहिलेली शिस्त असते, ती मला इतक्या वर्षांत कळली होती. स्वतःचं कौतुक करायचं नाही, डॉक्टरचंही नाही. श्रेय सगळं वरच्याचं. चर्चच्या पाळकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “सिस्टर, यंदा तुमची साक्ष व्हायलाच पाहिजे.” सिस्टर पांढऱ्या साडीत उठल्या आणि त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, “प्रभूने माझ्या बहिणीला पूर्ण बरं केलं. तिच्या शरीरात आजाराचा अंशही उरलेला नाही.” टाळ्या झाल्या. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नलू माझ्या शेजारी बसली होती, ती फरशीकडे पाहत राहिली.

मी हलक्या मनाचा माणूस. मला एवढंच टोचलं की चार महिने नलूसाठी ओकारीच्या गोळ्या मी जपून काढून ठेवल्या, त्यांचं नाव नाही. बाहेर आल्यावर म्हणालो, “सिस्टर, माह्या गोळ्याची साक्ष रायली.”

“आनंदात रायलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. खरंच आनंदात होत्या त्या.

चर्चच्या मागच्या गल्लीत पुष्पा नावाची बाई डबे करून द्यायची. चाळिशीची, मोठ्याने हसणारी, अंगाला कायम फोडणीचा वास. होळीच्या सुमारास ती सिस्टरना रस्त्यात भेटली आणि एखादी आनंदाची बातमी द्यावी तशी म्हणाली, “सिस्टर, मलेई नलूबाईसारखीच गाठ हाय. पन मी नाई भेत.”

सिस्टरनी तिला तिथेच भिंतीच्या आडोशाला नेऊन हाताने पाहिलं. गाठ लिंबाएवढी होती. कापणीच्या सणापासून ती दर शुक्रवारी उपास करून प्रार्थना करत होती.

“आत्ता चाल दवाखान्यात.”

“काहून?”

“काहून म्हंजे? नलूचं ऑपरेशन झालं, सहा खेपा सलाईन लागलं. तुले का मालूम नाई?”

“सारं मालूम हाय. औषधानं नलूबाईचे केस गेले. गाठ त प्रभूनं काढली. भरल्या देवळात तुमीच सांगतलं ना?” चर्चला इकडे देऊळच म्हणतात.

सिस्टर तिच्याशी तासभर बोलल्या. पुष्पाला वाटलं, सिस्टर आपला विश्वास पारखून पाहताहेत. ती आणखीच ताठ झाली. सिस्टर पाळकांकडे गेल्या. पाळक तरुण, सज्जन माणूस. ते बिचारे उन्हातान्हाचे पुष्पाकडे गेले, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. पुष्पाने त्यांना ताक पाजलं आणि सांगितलं, “पाळकसाहेब, तुमचा विश्वास कमी पडून राहिला.” ते ताक पिऊन परत आले.

त्याच दिवसांत नलूची पाठ दुखायला लागली. तीन महिन्यांची तपासणी होतीच. दोघी अमरावतीला जाऊन आल्या. आजार हाडात उतरला होता. सिस्टरनी हे कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते चहाच्या वेळी, कारण नलूच्याने कप उचलवेना आणि कारण विचारल्यावर तिनेच सरळ सांगितलं. मग ती बहिणीकडे वळली. मी उठायला लागलो तर म्हणाली, “बसा भाऊ, तुमच्यासमोरच होऊन जाऊ द्या.”

“ताई, पुष्पाचं काय झालं?”

“आयकत नाई.”

“तू देवळात उठून सांग. जे झालं ते सारं सांग.”

“दिलेली साक्ष वापस घेता येत नाई, नलू. देवाले वाह्यलेली वस्तू हाय ते.”

“मंग खोटी वस्तू वाह्यली तू. बदलून दे.”

“लोकायच्या विश्वासाचं काय होईन? किती जनायनं तुह्यासाठी उपास केले.”

नलू आवाज न चढवता म्हणाली, “माह्या नावावर एक बाई मरून राहिली, अन तू मले विश्वासाचं सांगून राहिली?”

मी त्या घरात बारा-पंधरा वर्षं चहा प्यायलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा अर्धा टाकला. मी कप विसळून ठेवला आणि निघालो. दारात नलू म्हणाली, “भाऊ, रविवारी ताईच्या मागच्या बाकावर बसा. पडली त धरजा.”

रविवारी मी जाऊन बसलो. साक्षीची वेळ होती तेव्हा सिस्टर उठल्याच नाहीत. सूचना वाचून झाल्या, कोणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण वाचून झालं, तेव्हा उठल्या. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“कापणीच्या सणाला मी दिलेली साक्ष मी परत घेते.”

पाळक उभे राहिले, काय करावं न कळून पुन्हा बसले. असं कधी कोणी केलंच नव्हतं. साक्ष द्यायची रीत असते, परत घ्यायची कुठे असते? सिस्टरनी सुरुवात पुस्तकी मराठीत केली होती, पण दोन-तीन वाक्यांतच ती सुटली.

“नलूचं ऑपरेशन झालं. सहा खेपा सलाईन लागलं. चौथ्या खेपेले मीच म्हनलं, आता नोको. नलू म्हने, चाल. डॉक्टर म्हनले, सध्या काई दिसत नाई. मी त्यातलं ‘सध्या’ गाळलं. डॉक्टरले गाळलं. आनंदाच्या भरात गाळलं, पन गाळलं. मी तीस वर्साची नर्स. मले समजत होतं. आता आजार वापस आला. हाडात हाय. प्रभूनं काईच केलं नाई असं मी म्हनत नाई. त्यानं काय केलं ते मले मालूम नाई. जे मालूम हाय ते सांगतलं.”

मग त्यांनी मान वळवली. “पुष्पा, उद्या नऊ वाजता ओपीडीत ये. मी केसपेपर काढून ठेवीन.”

पुष्पा उठली, पिशवी घेतली आणि कोणाकडे न पाहता बाहेर निघून गेली. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “सिस्टर, अशा गोष्टी घरात बोलायच्या असतात.” पाळकांनी कोणीतरी प्रार्थना करावी म्हणून विनंती केली. शेवटी उभ्याच असलेल्या सिस्टरनी डोळे मिटले. मी मागेच होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“देवा, मी थकली. तू आयकतं का नाई, मले नाई समजत. नलूचं तू पाहून घे, आता मी काई मांगत नाई. पन पुष्पाले उद्या पाठव.”

त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी नऊ वाजले, दहा वाजले. सिस्टर दोनदा खिडकीशी येऊन गेल्या, काही न विचारता. साडेबाराला मी झडप ओढायच्या बेतात असताना खिडकीतून एक केसपेपर आत आला. त्याला फोडणीचा वास होता. पुष्पाचे डोळे सुजलेले, चेहरा रागाने लाल. “सिस्टरले सांगा मी आली म्हनून. मी त्यायच्याशी बोलनार नाई.” मी “बरं” म्हणालो. घाईघाईने मारलेला शिक्का कागदावर तिरपा पडला.

पुष्पाचं ऑपरेशन झालं, मग अमरावतीच्या खेपा. ती बरेच दिवस सिस्टरशी बोलली नाही, पण त्यांच्याच खांद्यावर मान टाकून परतीचा प्रवास करायची. इकडे चर्चच्या भगिनी मंडळाने सिस्टरचं अध्यक्षपद काढून घेतलं. साक्ष परत घेतली म्हणूनच बहिणीचा आजार परत आला, असंही चार जणी बोलल्या. आजार आधी आला होता, साक्ष नंतर परत घेतली, एवढं साधं त्यांना कळू नये? मी तावातावाने खिडकीतून हे बोलून दाखवलं, तर सिस्टर म्हणाल्या, “भेव वाट्टे त्यायले, भाऊ. भेलेल्या मानसावर काय रागवाचं?” मला अजूनही राग येतो. मी काही सिस्टर नाही.

श्रावण सरता सरता नलू गेली. तिच्याबद्दल जास्त लिहवत नाही. आठ दिवस त्या घरात आलेल्या-गेलेल्यांना पुष्पाने डबे पाठवले, डोक्याला रुमाल बांधून, स्वतः चूल फुंकून. चौथ्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर आल्या. खिडकीशी थांबल्या.

“भाऊ, रोज सकायी डोये मिटते. पयले वाटे, कोनीतरी आयकून राहिलं. आता रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाट्टे.”

मला सांत्वन करता येत नाही. मी म्हणालो, “मंग कायले बोलता?”

“सवय हाय. अन समजा असलाच तो तिथं, त त्याले वाटू नये, का इंगळे सिस्टर आली नाई.”

एवढं बोलून त्या वॉर्डात गेल्या. संशय आणि श्रद्धा यांवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. या वाक्यापुढे मला त्यातलं एकही आठवत नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या, मीही झालो आणि मुलीकडे अमरावतीला राहायला आलो. भेटी तुटल्या. मागच्या हिवाळ्यात धामणगावला लग्नाला जायचं म्हणून दुपारी बडनेरा स्टेशनवर उभा होतो. गाडी उशिरा होती. पलीकडच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे झोपल्या होत्या, तोंड उघडं, मान पुष्पाच्या खांद्यावर. खूप वाळल्या होत्या. पुष्पाचे केस परत आले होते, पांढरेशुभ्र. मी हाक मारायला गेलो तर तिने बोट ओठांवर ठेवलं. “झोपू द्या. सकायपासून माह्यासंगं रांगीत उभ्या होत्या.”

“तपासनीले आल्ते का?”

“हो ना. ठीक हाय म्हने, सहा मयन्यानं बलावलं.” मग हलक्या आवाजात म्हणाली, “या रविवारी माही साक्ष हाय, भाऊ. मले बोलनं सुधरत नाई. तुमी औषधवाले हा. या फायलीतून सारं लिहून द्या ना. कोनतं ऑपरेशन, कोनती औषधं, किती खेपा.”

मी चष्मा लावला आणि तिच्या पोरीच्या वहीतल्या कागदावर लिहायला लागलो. ऑपरेशन, औषधांची नावं, अमरावतीच्या डॉक्टरांचं नाव. पुष्पा पाहत होती.

“सगळ्यायच्या वर प्रभूचं नाव लिवा.”

लिहिलं. माझ्या हाताने मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

“अन सगळ्यायच्या खाली नलूबाई लिवा.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती रुळांकडे पाहत होती. मी लिहिलं, नलिनी इंगळे.

अकोल्याकडच्या गाडीची घोषणा झाली. सिस्टर दचकून जाग्या झाल्या. “कोन्त्या नंबरची खाट?” असं म्हणाल्या आणि मग मला ओळखून हसल्या. “थकली, भाऊ. तुमी?” त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, लांब धरून वाचला. एका औषधाचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, ते माझ्याच पेनने दुरुस्त केलं. शेवटच्या नावापाशी त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. गाडी फलाटाला लागली तरी तिथेच होता.

मग त्यांनी कागदाची घडी घालून तो पुष्पाच्या हातात दिला.

“असंच वाच,” त्या म्हणाल्या. “एकई नाव गाळू नोको.”

त्यांनी पुष्पाला आधी चढवलं आणि दांडी धरून तिच्या मागून स्वतः चढल्या.